काचेवरचा निळा पापुद्रा

जुलै महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या गगनबावड्याच्या एसटी स्टँडवर उभं राहून मोबाइलवर चार शब्द टाइप करून बघावेत. आपण दाबतो एक अक्षर आणि उमटतं भलतंच. पडद्यावर पडलेला प्रत्येक टपोरा थेंब म्हणजे आणखी एक बोट, असा फोनचा समज होतो. फोनला बोल लावण्यात अर्थ नाही. काचेखाली वीज वाहून नेणारा एक थर असतो. बोट जवळ आलं की त्या जागेचा विद्युतभार किंचित हलतो आणि त्यावरून फोन बोटाची जागा ओळखतो. पाण्याचा थेंबही भार हलवतो, मग फोनने करायचं काय?

नवल वाटायला हवं ते त्या थराचं. वीज वाहून नेणारी वस्तू दिवसभर आपल्या डोळ्यांसमोर असते, आपण तिच्यातून आरपार बघतो आणि तिचं अस्तित्व आपल्या ध्यानीमनीही नसतं. हे प्रकरण अशाच थरांविषयी आहे, पण फोनमधल्या थराविषयी नाही. तो धातूच्या ऑक्साइडचा असतो. इथे बोलायचं आहे ते प्लॅस्टिकच्या जातकुळीतल्या, म्हणजे पॉलिमरच्या थरांविषयी. हे थर पाण्यातून तयार होतात, आणि तयार झाल्यावर त्यांचा सगळ्यात मोठा वैरी पाणीच असतो. वर्षाकाठी सरासरी पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस झेलणाऱ्या गगनबावड्याचा या विषयाशी संबंध आहे तो इथे.

आधी अडचण समजून घेऊ. तांब्याचा पत्रा वीज वाहतो, पण त्यातून पलीकडचं दिसत नाही. काचेतून दिसतं, पण काच वीज वाहत नाही. हा योगायोग नव्हे. वीज वाहायची तर पदार्थात मोकळे इलेक्ट्रॉन हवेत, आणि मोकळे इलेक्ट्रॉन पुष्कळ असले की ते प्रकाशाला आत शिरूच देत नाहीत, परतवून लावतात. धातू चकाकतो तो म्हणूनच. उलट काचेतले इलेक्ट्रॉन आपापल्या जागी इतके घट्ट बांधलेले असतात की दृश्य प्रकाश त्यांना हलवू शकत नाही. तो सरळ निघून जातो. थोडक्यात, एका गुणासाठी जे हवं तेच दुसऱ्या गुणाला नको.

या कोंडीतून काढलेली रूढ वाट म्हणजे इंडियम टिन ऑक्साइड, प्रयोगशाळेतल्या बोलीत आयटीओ. साधारण ९० टक्के इंडियम ऑक्साइड आणि १० टक्के टिन ऑक्साइड. यात मोकळे इलेक्ट्रॉन असतात, पण धातूपेक्षा बरेच कमी, त्यामुळे ते परतवतात तो डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश. दृश्य प्रकाशाला वाट मोकळी राहते. फोन, टीव्ही, लॅपटॉप, सगळीकडे हाच थर आहे. पण त्याची दुखणीही आहेत. इंडियमच्या स्वतंत्र खाणी नसल्यात जमा. जस्त शुद्ध करताना जोडउत्पादन म्हणून जे हाती लागतं तेवढ्यावर भागवायचं. थर चढवायला निर्वात यंत्रं लागतात. शिवाय तो ठिसूळ. दोन-तीन टक्के ताणला तरी तडे जातात. गुंडाळता येणारा पडदा किंवा अंगावर चिकटवायचा सेन्सर करायचा म्हटलं की आयटीओ हात टेकतो.

प्लॅस्टिक मात्र वाकतं. प्रश्न एवढाच की प्लॅस्टिकमधून वीज कशी जाणार? विजेच्या तारेवर आपण प्लॅस्टिकचं आवरण घालतो ते ती जाऊ नये म्हणून.

या समजाला तडा गेला तो चुकून. १९६७ साली टोकियोत हिदेकी शिराकावा यांच्या प्रयोगशाळेत अ‍ॅसिटिलीन वायूपासून पॉलिमर करताना उत्प्रेरक नेमून दिलेल्या मात्रेच्या हजारपट पडला. काळ्या भुकटीऐवजी भांड्याच्या कडेला चंदेरी चकाकीचा पापुद्रा धरला. पुढे अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले अ‍ॅलन मॅकडायर्मिड यांनी तो पाहिला, शिराकावांना बोलावून घेतलं, आणि भौतिकशास्त्रज्ञ अ‍ॅलन हीगर यांच्यासह तिघांनी त्या पापुद्र्याला आयोडीनची वाफ दिली. वाहकता कोट्यवधी पटींनी वाढली. हे संशोधन १९७७ मध्ये प्रसिद्ध झालं आणि २००० सालचं रसायनशास्त्राचं नोबेल तिघांना मिळालं.

आयोडीनने काय केलं? या पॉलिमरच्या साखळीत कार्बन-कार्बनमधले बंध आळीपाळीने एकेरी आणि दुहेरी असतात. दुहेरी बंधातला एक इलेक्ट्रॉन तसा सैल असतो, पण सगळ्या जागा भरलेल्या असल्याने त्याला सरकायला वाव नसतो. आयोडीनसारखा हावरट पदार्थ साखळीतून काही इलेक्ट्रॉन ओढून घेतो. जागा रिकाम्या होतात, शेजारचे इलेक्ट्रॉन त्यात सरकतात आणि साखळीभर वाहतूक सुरू होते. या ओढाओढीला डोपिंग म्हणतात. खेळाडूंच्या डोपिंगशी त्याचं काही नातं नाही.

मात्र शिराकावांचा पापुद्रा आपल्या कामाचा नाही. तो हवेत टिकत नाही आणि पारदर्शक तर नाहीच. पारदर्शकतेसाठी दोन वेगळी नावं लक्षात ठेवायची: पॉलिअ‍ॅनिलीन आणि पेडॉट.

पॉलिअ‍ॅनिलीन वयाने सगळ्यात मोठं. १८६२ मध्ये लंडनच्या हेन्री लेथबी यांनी अ‍ॅनिलीनच्या आम्लधर्मी द्रावणातून वीज सोडली, तेव्हा प्लॅटिनमवर गडद निळा-हिरवा थर जमला. तो वीज वाहतो हे उमगायला शतक लोटावं लागलं. पेडॉट त्या मानाने कालचं पोर. जर्मनीतल्या बायर कंपनीच्या प्रयोगशाळेत ते १९८०च्या दशकाच्या अखेरीस जन्मलं, आणि त्याचा पहिला मोठा उपयोग कुठे झाला हे कोल्हापूरकरांना आवडावं: फोटोच्या आणि सिनेमाच्या फिल्मवर.

बाबूराव पेंटरांच्या आणि प्रभातच्या या गावाला कच्च्या फिल्मचं वेगळं कौतुक सांगायला नको. ही फिल्म रिळावरून भराभर सुटताना घर्षणाने तिच्यावर स्थिर वीज साठते. कोरड्या हवेत मध्येच ठिणगी उडते आणि त्या उजेडाची फांद्याफांद्यांची खूण फिल्मवर कायमची उमटते. हे टाळायला फिल्मच्या पाठीवर क्षारयुक्त थर देत. पण असा थर आयनांच्या जोरावर वीज वाहतो आणि आयन हलायला ओलावा लागतो. म्हणजे ठिणगीची भीती ज्या कोरड्या हवेत, नेमका तिथेच तो निकामी. शिवाय फिल्म धुताना तो वाहून जाई तो वेगळाच. पेडॉटमध्ये वाहतात ते इलेक्ट्रॉन, त्यामुळे हवा कोरडी असो की दमट, काम अडत नाही. आग्फा कंपनीने ते फिल्मवर वापरलं. कोरड्या हवेतला हा विजय पुढे दमट हवेत थोडा फिका पडणार आहे, तिकडे येऊच.

नुसतं पेडॉट कशातच विरघळत नाही. बायरच्या लोकांनी युक्ती केली ती अशी: थर्माकोल ज्या पॉलिस्टायरीनचं असतं, त्याच पॉलिस्टायरीनला सल्फोनिक आम्लाचे गट जोडले की ते पाण्यात विरघळतं. त्याला पीएसएस म्हणतात. या पीएसएसच्या द्रावणातच पेडॉट तयार केलं. पीएसएसवर ऋण भार, पेडॉटवर डोपिंगमुळे धन भार, त्यामुळे दोघं एकमेकांना धरून बसतात आणि पाण्यात तरंगत राहतात. बाटलीत जे मिळतं ते गडद निळं, शाईसारखं दिसणारं, चांगलंच आम्लधर्मी पाणी. त्यात पॉलिमर जेमतेम एक ते सव्वा टक्का, बाकी पाणी. पेडॉटच्या एका भागाला पीएसएसचे अडीच भाग, असं प्रमाण जास्त वाहक प्रतीत असतं. काही प्रतींत ते सहा आणि अगदी वीस भागांपर्यंतही जातं. म्हणजे फिल्ममध्ये वजनाने जास्त असतो तो वीज न वाहणारा सोबतीच. ही गोष्ट लक्षात ठेवा.

आणखी एक मौज. डोपिंग न झालेलं पेडॉट गडद निळं असतं, त्यातून पलीकडचं धड दिसत नाही. डोपिंग वाढलं की ते जो प्रकाश शोषतं तो लाल रंगाच्या पलीकडे, अवरक्ताकडे सरकतो आणि फिल्म निवळते, फिकट आभाळी रंग तेवढा उरतो. वाहकता आणि पारदर्शकता एकमेकींच्या जिवावर उठलेल्या, असं आपण वर म्हटलं. पेडॉटमध्ये काही मर्यादेपर्यंत त्या हातात हात घालून चालतात. पॉलिपायरोलला हे साधत नाही, ते काळपटच राहतं. पॉलिअ‍ॅनिलीन मधलं आहे: जांभळ्याजवळचा आणि लालाच्या टोकाचा प्रकाश ते गिळतं, मधला हिरवा सोडून देतं, म्हणून पातळ थर हिरव्या चष्म्यातून पाहिल्यासारखा भासतो.

आता कोल्हापूरकडे वळू. गगनबावड्याहून पूर्वेला पंचावन्न किलोमीटरवर, १९६२ साली स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठात, पातळ थरांच्या कामाची एक परंपराच उभी राहिली. जगात बहुतेक ठिकाणी पातळ थर म्हटलं की निर्वात कोठी, पंप, महागडी आयात यंत्रं डोळ्यांसमोर येतात. कोल्हापूरने भर दिला तो रासायनिक रीतींवर. प्रा. चंद्रकांत लोखंडे यांच्या गटाने केमिकल बाथ आणि सिलार या रीती हाताशी धरल्या. सिलार म्हणजे काच एका द्रावणात बुडवायची, धुवायची, दुसऱ्या द्रावणात बुडवायची, पुन्हा धुवायची, आणि असे फेरे करत एकेक पदर चढवत जायचा. ही कल्पना फ्रान्समध्ये निकोलाऊ यांनी १९८५ मध्ये मांडली होती. लोखंडे आणि हबीब पठाण यांनी २००४ मध्ये तिच्यावर लिहिलेला आढावा आजही या क्षेत्रात शिरणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती पहिल्यांदा पडतो. प्रा. प्रमोद पाटील यांनी फवाऱ्याच्या रीतीवर १९९९ मध्ये असाच आढावा लिहिला. भोसले, राजपुरे, मोहोळकर यांच्या गटाने तापलेल्या काचेवर फवारा मारून फ्लोरिनयुक्त टिन ऑक्साइडचे पारदर्शक वाहक थर केले.

माझ्या मते ही निवड केवळ पैशांच्या टंचाईतून झाली असं म्हणणं अन्यायाचं आहे. बीकर, हॉट प्लेट आणि घड्याळ एवढ्यावर चालणारी रीत तालुक्याच्या कॉलेजातही चालते. पश्चिम महाराष्ट्रातल्या कितीतरी कॉलेजांत पातळ थरांवर काम करणारे प्राध्यापक भेटतात, त्याचं मूळ इथे आहे. निर्वात यंत्र असतं तर ते कुलूपबंद खोलीत राहिलं असतं आणि चाव्या दोघांकडे.

फवाऱ्याने केलेल्या टिन ऑक्साइडची एक अडचण आहे: काच साडेचारशे-पाचशे अंश तापवावी लागते. प्लॅस्टिकची शीट त्याच्या कितीतरी आधी वितळून जाईल. पॉलिमरचा थर मात्र शंभर-सव्वाशे अंशांत सुकतो. किंवा पॉलिअ‍ॅनिलीन असेल तर बर्फाच्या पाण्यात धरतो. लोखंडे यांच्या गटाने पॉलिअ‍ॅनिलीनवरही बरंच काम केलं. त्यांनी कॅडमियम सेलेनाइड किंवा सल्फाइडच्या थरावर पॉलिअ‍ॅनिलीन चढवून स्वयंपाकाचा गॅस ओळखणारे सेन्सर केले. नेहमीच्या ऑक्साइड सेन्सरना दोनशे ते चारशे अंश तापवावं लागतं. हे सेन्सर खोलीच्या तापमानालाच काम करत. तिकडे सोलापूर विद्यापीठात प्रा. विकास पाटील यांच्या गटाने पॉलिअ‍ॅनिलीन आणि पॉलिपायरोलचे थर अमोनियासारखे वायू हुंगायला लावले.

पॉलिअ‍ॅनिलीनचा थर कसा धरतो ते जवळून पाहण्यासारखं आहे. ताजं ऊर्ध्वपातन केलेलं अ‍ॅनिलीन जवळजवळ रंगहीन असतं. बाटली उघडी राहिली की हवेने तांबूस होत जातं, आणि तांबूस अ‍ॅनिलीन वापरून केलेला थर कधीच मनासारखा येत नाही. ते हायड्रोक्लोरिक आम्लात मिसळायचं, बीकर बर्फात ठेवायचा, धुतलेल्या काचपट्ट्या त्यात उभ्या टांगायच्या आणि थंडगार अमोनियम परसल्फेटचं द्रावण ओतायचं. पहिली काही मिनिटं काहीच घडत नाही. नवखा विद्यार्थी इथेच चुळबुळ करतो आणि आणखी परसल्फेट घालायला जातो. मग द्रावण हळूच निळसर होतं, निळं गडद होतं, आणि बघता बघता सगळं हिरवं. पट्टी बाहेर काढली की तिच्यावर हिरवा थर आणि वर सैल भुकटी. भुकटी कापसाने पुसायची, आणि पट्टी धुवायची ती साध्या पाण्याने नव्हे, पातळ आम्लाने, कारण नुसत्या पाण्याने डोपिंग उतरू लागतं. अ‍ॅनिलीन विषारी आहे. हे सारं धूर खेचणाऱ्या कपाटातच करायचं, घरी नाही.

आता त्या हिरव्या पट्टीजवळ अमोनियाच्या बाटलीचं बूच उघडा. काही सेकंदांत पट्टी निळी पडते आणि तिचा रोध झपाट्याने वाढतो, कारण अमोनियाने आम्ल काढून घेतलं. आम्लाच्या वाफेवर धरली की पुन्हा हिरवी. कॉलेजच्या प्रात्यक्षिकात याहून देखणा प्रयोग मला ठाऊक नाही.

पेडॉटची रीत वेगळी. ते बाटलीतून तयार मिळतं, त्यामुळे कसब लागतं ते पसरवण्यात. अर्धं कसब काच धुण्यात. साबण, ऊर्ध्वपातित पाणी, अ‍ॅसिटोन, आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि जमल्यास शेवटी अतिनील किरणांखाली ओझोन. धुतलेल्या काचेवर पाणी सलग पसरलं पाहिजे. कुठे आकसून थेंब झाला तर तिथे तेलकट डाग आहे, परत पहिल्यापासून धुवा. निळं द्रावण बारीक गाळणीतून सिरिंजने गाळायचं. काच स्पिन कोटरच्या चकतीवर ठेवली की खालच्या पंपाने ती ओढून धरली जाते. वर थेंब सोडायचे आणि मिनिटाला तीन-चार हजार फेऱ्यांनी साधारण मिनिटभर फिरवायचं. बहुतेक सगळं द्रावण कडेने उडून जातं, मागे उरतो तो पापुद्रा. वेग चौपट केला की जाडी ढोबळमानाने निम्मी होते. मग सव्वाशे अंशांच्या आसपास हॉट प्लेटवर दहा-पंधरा मिनिटं.

पापुद्रा किती जाड? समजा १०० नॅनोमीटर. असे दहा हजार थर एकावर एक ठेवले तर एक मिलिमीटर भरेल. एक चौरस मीटर काच या जाडीने झाकायला पॉलिमर लागतं सुमारे एक दशांश ग्रॅम. हिशेब साधा आहे: क्षेत्रफळ गुणिले जाडी म्हणजे एक दशांश घनसेंटिमीटर, आणि या पॉलिमरची घनता पाण्याच्या जवळपास. स्पिन कोटरमध्ये त्याच्या कितीतरी पट माल भिंतींवर वाया जातो. म्हणूनच कारखान्यात ही रीत चालत नाही. तिथे प्लॅस्टिकचा रोल पुढे सरकत असतो आणि वरून अरुंद फटीतून द्रावणाचा सलग पडदा सोडतात.

थर चांगला की वाईट हे ठरवतो रोध, आणि तो मोजायची पद्धत थोडी चमत्कारिक आहे. तिचं एकक ओहम प्रति चौरस. चौरस किती मोठा, असा प्रश्न पडतो आणि उत्तर असतं: कितीही. थराचा चौरस तुकडा घेतला आणि त्याची लांबी-रुंदी दोन्ही दुप्पट केली, तर लांबीने रोध दुप्पट होतो आणि रुंदीने निम्मा. हिशेब जागच्या जागी. मोजायला ओळीत बसवलेल्या चार स्प्रिंगच्या सुया वापरतात, प्रयोगशाळेत तिला फोर प्रोब म्हणतात. बाहेरच्या दोन सुयांतून प्रवाह सोडायचा, आतल्या दोनमधला विद्युतदाब वाचायचा. सुई आणि फिल्म यांच्या सांध्याचा रोध असा गणितातून बाहेर पडतो. एक मिलिअँपिअर सोडला आणि आत २२ मिलिव्होल्ट मिळाले, तर २२ ला ४.५३ ने गुणायचं: जवळजवळ १०० ओहम प्रति चौरस. चांगला आयटीओ दहा-वीसच्या घरात असतो.

बाटलीतून काढून तसंच फिरवलेलं पेडॉट या परीक्षेत सपशेल नापास होतं. त्याची वाहकता सेंटिमीटरला एक सीमेन्सच्याही खाली असते. १०० नॅनोमीटरच्या थराला एक लाख ओहमच्या पुढे. एवढ्यावर स्थिर वीज जिरते, सिनेमाची फिल्म वाचते, पण पडदा किंवा सौरघट चालत नाही.

इथे २००२ मध्ये कोरियातल्या संशोधकांनी एक सोपी गोष्ट दाखवली. द्रावणात डायमिथिल सल्फॉक्साइड मिसळा. हा साधा, जास्त तापमानाला उकळणारा द्रावक. त्याने वाहकता सुमारे शंभर पटींनी वाढली. इथिलीन ग्लायकॉलनेही, म्हणजे मोटारीच्या रेडिएटरमधल्या कूलंटने, तेच होतं. हे द्रावक शेवटी उडून जातात, स्वतः काहीही वाहत नाहीत. मग घडतं काय? सुकलेल्या थरात पेडॉटचे बारीक कण असतात आणि प्रत्येक कणाभोवती पीएसएसचं कवच. वीज एका कणातून दुसऱ्यात जाताना या कवचाशी अडते. द्रावकामुळे पीएसएस बाजूला सरतं, गुंडाळलेल्या साखळ्या सरळ होतात, कण एकमेकांना भिडतात. पुढे २०१४ मध्ये कोरियातल्याच एका गटाने तयार थर सल्फ्युरिक आम्लात बुडवून जास्तीचं पीएसएस धुऊन काढलं आणि वाहकता चार हजारांच्या पार नेली. वाहकता हजार असेल, तरी १०० नॅनोमीटरचा थर १०० ओहमवर येतो. स्वतः न वाहणारा तो सोबती किती महागात पडतो, हे यावरून कळावं.

तोच सोबती ओलाव्यालाही घरात घेतो. पीएसएसचे सल्फोनिक गट हवेतलं पाणी ओढून घेतात. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं, तसाच हा प्रकार, फक्त इथे बरणी शंभरेक नॅनोमीटर जाडीची. थर फुगतो, पेडॉटचे कण एकमेकांपासून दूर जातात आणि रोध वाढतो. त्याच वेळी ओलाव्यामुळे आम्लाचे आयन हलू लागतात आणि स्वतंत्रपणे थोडी वीज वाहतात. त्यामुळे पीएसएस भरपूर असलेल्या प्रतीत रोध कधी उलट कमीही होतो. एकाच पदार्थावरच्या दोन शोधनिबंधांत आर्द्रतेचा परिणाम उलटसुलट दिसला, तर लगेच कुणाला खोटं ठरवायचं कारण नाही. पाण्यात बुडवून ठेवलेला साधा थर तर सुटूनच येतो. सौरघटांत आणखी एक दुखणं: ओलं झालेलं पीएसएस आम्लधर्मी असल्याने शेजारच्या आयटीओलाच कुरतडतं.

आता घाटमाथ्याची हवा बघा. गगनबावड्याच्या पश्चिमेला करूळ आणि भुईबावडा हे दोन घाट कोकणात उतरतात. अरबी समुद्रावरून आलेले ढग इथे सह्याद्रीवर आदळतात आणि कित्येक दिवस गगनगडाच्या माथ्यावरून हलत नाहीत. धुकं घरात शिरतं, कपडे वाळत नाहीत, चामड्यावर बुरशी धरते. सोलापूरचा वर्षाचा पाऊस सातशे मिलिमीटरच्या आसपास. गगनबावड्याला तेवढा जुलैच्या एखाद्या आठवड्यातही होऊन जातो. कोल्हापूर शहरातला विद्यार्थी पावसाळ्यात आपली फिल्म डेसिकेटरमध्ये ठेवतो, खाली निळे सिलिका जेलचे खडे, आणि ते गुलाबी पडले की भट्टीत तापवून परत निळे करतो. पण सेन्सर किंवा सौरपट्टी आयुष्यभर डेसिकेटरमध्ये राहणार नाही. ती शेवटी अशाच एखाद्या गावात पत्र्यावर नाहीतर भिंतीवर बसायची आहे.

सौरपट्ट्यांसाठी जगभर एक कठोर चाचणी घेतात: ८५ अंश तापमान, ८५ टक्के आर्द्रता, सलग एक हजार तास. जून ते सप्टेंबर म्हणजे १२२ दिवस, २,९२८ तास. गगनबावड्यात तापमान अर्थातच त्याच्या जवळपासही जात नाही, पण आर्द्रता या चार महिन्यांत ८५ च्या वर असणं ही रोजची गोष्ट. भट्टीतली चाचणी घाई करते, घाटमाथा सावकाश घेतो. पेडॉटच्या बाबतीत मला दुसरी जास्त महत्त्वाची वाटते, कारण इथे उष्णतेइतकंच, किंबहुना जास्त, नुकसान फुगण्या-सुकण्याच्या फेऱ्यांनी होतं: रात्री धुकं, दुपारी दोन तास उघडीप, पुन्हा सर.

उपाय आहेत. जास्तीचं पीएसएस द्रावकाने किंवा आम्लाने धुऊन काढायचं. यात वाहकताही वाढते आणि ओलावाही कमी शोषला जातो, म्हणून हा पहिला उपाय. द्रावणात सिलेन जातीचं रसायन अल्प प्रमाणात घालायचं, म्हणजे साखळ्या एकमेकींना आणि काचेला बांधल्या जातात आणि थर पाण्यातही सुटत नाही. मेंदूचे आणि हृदयाचे सूक्ष्म विद्युतसंकेत टिपणारे पेडॉटचे इलेक्ट्रोड करताना हेच करतात, कारण शरीराच्या आत तर सगळं ओलंच. या उपायात वाहकता थोडी कमी होते, ती किंमत मोजावी लागते. आणि शेवटी वरून ओलावा न झिरपणारं आवरण. ते चांगलं हवं तर पुन्हा महाग पडतं, आणि स्वस्त पॉलिमर घेतल्याचा अर्धा फायदा तिथेच संपतो. बातम्यांमध्ये हा भाग सहसा गाळलेला असतो.

मग आयटीओची सद्दी संपणार का? फोनच्या पडद्यापुरतं उत्तर स्पष्ट आहे: नजीकच्या काळात नाही. शंभर ओहमचा निळसर थर दहा ओहमच्या स्वच्छ थराची जागा घेऊ शकत नाही. पण पेडॉटने आपली जागा शोधली आहे. संगणकाच्या मदरबोर्डवरच्या घन कपॅसिटरांत ते लाखोंनी बसतं, तिथे पारदर्शकतेची गरजच नसते. नाजूक इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांच्या पाकिटांवर स्थिर वीज जिरवायला ते आहे. वाकणारे सेन्सर आणि अंगावर चिकटवायचे इलेक्ट्रोड, इथे आयटीओ स्पर्धेतच नाही. आणि ओलाव्याने बदलणारा रोध हा दोषच मानायला हवा असंही नाही: तोच मोजून श्वासातली वाफ आणि हवेतली आर्द्रता टिपणारे सेन्सर केले जातात.

कोल्हापूर, सोलापूर, सांगली किंवा कोकणातल्या एखाद्या कॉलेजात पॉलिमरचा थर करून त्याचा रोध मोजणाऱ्यांना एक विनंती. निकालाच्या तक्त्यात जाडी, तापमान, फेऱ्यांचा वेग हे रकाने असतातच. त्यांच्या शेजारी आणखी एक रकाना आखा आणि मोजणीच्या वेळी खोलीत आर्द्रता किती होती ते लिहा. आर्द्रतामापक फार महाग नसतो. तो नसेल तर निदान तारीख तरी लिहा, म्हणजे वाचणाऱ्याला कळेल की हा आकडा मे महिन्यातला आहे की जुलैमधला.